न दुखलेलं हृदय

४ मार्च

ताई,

अक्षर ओळखलं असशील. म्हणून पाकीट तसंच टाकून देऊ नकोस. तुझा पत्ता मावशीकडून घेतला. द्यायच्या आधी तिने दोनदा विचारलं, "भांडायला तर लिहीत नाहीस ना?" म्हटलं, अकरा वर्षांनी भांडायला कोण कागद आणायला जातं?

एक विचारायचं आहे. तू हृदयाच्या वॉर्डात नर्स आहेस, रोज अशी माणसं बघतेस, म्हणून तुला विचारते. दुसरं काही मनात आणू नकोस.

आपल्या झाडपाल्याच्या दुकानाला लागून असलेली बेकरी तुला आठवत असेल. तिथल्या काकांबद्दल लिहिते आहे. बाबांचे दोस्त. बाबा गेले तरी त्यांनी दुपारी चारला आपल्या दुकानात येऊन बसणं सोडलेलं नाही. आता अडुसष्टचे आहेत, आणि साखरेचा आजार वीस वर्षांचा. "जन्मभर गावाला गोड खाऊ घातलं आणि मला कोरड्या पावावर बसवलं," असं येईल त्याला सांगतात.

गेल्या दोन महिन्यांत त्यांना मैद्याचं पोतं उचलवत नाही. आपल्या तीन पायऱ्या चढताना दुसरीवर थांबतात, आणि थांबलो हे दिसू नये म्हणून दारावरची पाटी वाचतात. ती पाटी तीस वर्षांत बदललेली नाही. मोजे काढले की पायावर खोल वळ दिसतो, बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. बसल्या बसल्या कपाळाला घाम फुटतो. दोन उशा घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही.

पण छातीत दुखत नाही, अजिबात नाही. मी दहा वेळा विचारलं. छातीवर थाप मारून म्हणतात, "पोरी, इथला माल शाबूत आहे."

दुखत नाही म्हणजे हृदयाचं काही नसणार, असं मी धरून चालले आहे. बरोबर ना?

मी त्यांना बाबांचाच काढा देते. नदीकाठच्या झाडाची साल भरड कुटून दूध-पाण्यात उकळायची, पाणी आटून दूध उरेपर्यंत. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांना वेगळ्या चालू आहेत. त्याबद्दल मी कधी ब्र काढत नाही. तो माझा प्रांत नव्हे.

दुकानाचा नंबर खाली लिहिते. बोलायचं नसेल तर नुसता निरोप पाठव.

धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझा निरोप मिळाला. "सूज, दम, घाम आणि जुनी साखर. दुखायची वाट बघू नकोस. आज ने. उद्या नाही." ना नमस्कार, ना नाव. पण त्या 'उद्या नाही'मध्ये तू अशी समोर उभी राहिलीस की मी खलबत्ता तसाच टाकून बेकरीत गेले.

काका भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. चला म्हटल्यावर म्हणाले, "शनिवारी बघू, उद्याची मोठी ऑर्डर आहे." त्यांच्या सुनेने गल्ल्यावरून उठून दुकानाची फळी खाली ओढली, कुलूप लावलं आणि म्हणाली, "ऑर्डर रद्द. आत्या, तुम्ही त्यांचा एक हात धरा, मी दुसरा धरते." काका वाटभर तिला ऐकवत होते की लग्नाच्या वेळी ही मुलगी किती गरीब दिसत होती.

आता जे सांगायचं आहे ते कसं लिहू, कळत नाही. तू रोज बघतेस, तुला हसू येईल.

दवाखान्यात त्यांना एका छोट्या खोलीत नेलं. पडदे ओढलेले, मधे पलंग, पलंगाशी यंत्र. यंत्रावर जाड चष्म्याची एक बाई होती. सून फॉर्म भरायला गेली होती म्हणून मला आत घेतलं. काकांना शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपवलं. छातीवरच्या पांढऱ्या केसांत मैदा अडकलेला होता. बाईने तो ओल्या कापडाने पुसला आणि गार चिकट काहीतरी लावून छातीवर दांडी टेकवली. पडद्यावर आधी नुसतं धुकं दिसलं. तिने दांडी जराशी कलती केली, आणि ताई, त्या धुक्यात ते उघडलं.

मी सतराव्या वर्षापासून हृदयाचं औषध विकते आहे. साल कशी ओळखायची, कोणत्या बाजूची सोलायची, किती दिवस सावलीत वाळवायची, झोपेतही सांगेन. पण हृदय मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात ती लाल पानाच्या आकाराची चित्रातली वस्तू होती. हे तसलं काही नव्हतं. हे एक घर होतं. चार खोल्या, मधे भिंती, आणि खोल्यांच्या दारांत दोन पातळ पापुद्रे. ते मिटत होते, उघडत होते, मिटत होते. कुणी सांगत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. त्या पापुद्र्यांची घाई नाही की आळस नाही. मी किती वेळ श्वास घेतला नव्हता, माझं मला माहीत नाही.

"हे आत्ताचं आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?" बाई म्हणाली.

"म्हणजे आत्ता, ह्या क्षणी, ह्यांच्या आत हे चाललं आहे?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अडुसष्ट वर्षं चाललं आहे, बाई. आईच्या पोटात असल्यापासूनचे दिवस वेगळे."

काका पलंगावरून म्हणाले, "मलाही बघू द्या की. माल माझा आहे." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. जन्मभर ज्यांच्या तोंडाला कुलूप नाही ते काका कोपरावर रेलून बघू लागले. मग अगदी हळू म्हणाले, "अरे, हा तर माझ्यापेक्षा जास्त काम करतोय."

तेवढ्यात बाईचा हात थांबला. तिने दांडी पुन्हा त्याच जागी आणली, पुन्हा थांबली, आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या तरुण आहेत, तिशीच्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही भिंत बघा. बाकीच्या आत येतात, ही जागची हलत नाही."

मला दिसलं. एकदा दाखवल्यावर दुसरं काही दिसेना. तीन बाजू जीव तोडून आत येत होत्या आणि चौथी मख्ख उभी होती.

"इथे रक्त नेणारी नळी बंद पडली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झटका येऊन गेलाय. चार-सहा महिने झाले असतील."

"मला?" काका उठूनच बसायला निघाले. "मला झटका आला आणि मला कळलं नाही? तेव्हा मी कुठे होतो?"

"बेकरीत असाल, पाव भाजत. पायाला ही खूण कसली?"

खूण भाजल्याची होती. दिवाळं निघालेल्या चपलेतून निखारा आत गेला होता आणि काका त्यावर उभे होते. कातडं जळल्याचा वास आला तेव्हा त्यांना वाटलं, पाव करपला. ही गोष्ट ते दुकानात विनोद म्हणून सांगत आणि आम्ही हसत असू.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साखरेने पायाच्या नसा मुक्या केल्या, तशा हृदयाच्याही केल्या. ते ओरडलंच असणार. आवाज तुमच्यापर्यंत पोचला नाही."

ताई, धड हृदय शंभरातलं साठ रक्त बाहेर टाकतं, त्यांचं तीसच टाकत होतं. आणि तशा हृदयावर हा माणूस रोज पहाटे कणीक मळत होता. मला भीती वाटायला हवी होती, वाटलीही, पण नंतर. आधी माझे हात आपोआप जोडले गेले होते. यंत्रावरच्या बाईने ते पाहिलं आणि काकांच्या छातीवरचा चिकटा पुसायला घेतला.

त्यांना दाखल करून घेतलं आहे. मनगटातून तार घालून बंद नळी उघडणार आहेत.

तुझी धाकटी


३ एप्रिल

ताई,

काका घरी आले. नळी उघडली. तुझं उत्तर आलं नाही, पण मावशी म्हणाली की तू तिच्याकडे काकांची चौकशी केलीस. तेवढं मला पुरे आहे.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

काका घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांची सून दुकानात आली आणि काउंटरवर बिस्किटांचा डबा पालथा केला. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, न फोडलेल्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या. सात महिन्यांच्या.

"आत्या, मी दर महिन्याला आणून देत होते. ते घेत नव्हते, ह्या डब्यात टाकत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या? तर म्हणाले, माझा मी शहाणा." ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तुम्हाला काही विचारत नाही. तुम्हीच सांगायचं तर सांगा."

ताई, मी सांगितलं होतं. बंद करा असं नाही, तेवढी मी चलाख आहे. मागच्या पावसाळ्यात काढ्याने बरं वाटतंय म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, "असंच चालू राहिलं तर हळूहळू गोळ्यांची गरज पडणार नाही, काका." बाबा असंच म्हणायचे. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मीही खूश झाले. बाबांच्या खुर्चीत बसून बाबांचं वाक्य म्हणताना मला माझी उंची वाढल्यासारखी वाटायची.

मी सुनेला हे सगळं सांगितलं. तिने पट्ट्या एक एक उचलून डब्यात भरल्या आणि म्हणाली, "मग आता हे डॉक्टरीणबाईंना सांगायला तुम्ही या. मी नाही सांगणार."

मी गेले. दुकानातली प्रत्येक बरणी, जी काकांच्या काढ्यात पडते, ती पिशवीत घालून गेले. वाटलं, हाकलून देतील. ऐकून घेतल्यावर डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "बरण्या उघडा."

एक एक वास घेत होत्या, विचारत होत्या. साल किती, किती वेळा. साखरेवरचं कडू बी किती. शेवटच्या बरणीवर थांबल्या. "हे काय, गोड लागतंय?"

"ज्येष्ठमध. काकांना साखर चालत नाही ना, म्हणून काढ्याला गोडी यावी म्हणून घालते. लाडाने."

"किती?"

"चमचाभर. ते मागतात म्हणून गेले काही महिने दोन."

त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि ती बरणी आपल्या बाजूला ओढून घेतली. "ह्या मुळाने अंगात मीठ-पाणी साठतं. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. दमलेल्या हृदयाला ह्याच्याइतका वाईट पाहुणा नाही. ती पायाची सूज, बाई, थोडी हृदयाची होती आणि थोडी तुमची."

 लाडाने, ताई. मी लाडाने घालत होते.

मला वाटलं, आता म्हणतील की दुकान बंद करा. त्यांनी ड्रॉवरमधून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. "ही काकांना नवीन सुरू केली आहे. साखर लघवीवाटे बाहेर टाकते. साखरेसाठी काढली आणि मग लक्षात आलं की दमलेल्या हृदयालाही उपयोगी पडते. कशापासून आली सांगू? सफरचंदाच्या झाडाच्या सालीत एक कडू पदार्थ सापडला होता. ह्या गोळीची वंशावळ तिथपर्यंत जाते."

मी पट्टी हातात घेतली. पिवळसर, हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी. एका झाडाची साल!

"म्हणजे साल उकळून—" मी म्हटलं.

"नाही!" त्यांनी हातच वर केला. "उकळून काही होत नाही, ते पोटातच मोडून जातं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं माणसं त्या एका पदार्थामागे लागली. त्यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं, किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही. मग ही गोळी झाली."

मी तिथे बसून राहिले. दोन पेशंट येऊन गेले. आपल्या बाबांचे बाबा, त्यांच्या आधीचे, सगळे झाडाखाली उभे राहून ह्या फांदीत काहीतरी आहे एवढं ओळखणारे. आणि कुठेतरी ही दुसरी माणसं, तेच ओळखून पुढची दीडशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या मोजत बसलेली. आम्ही ओळखलं आणि तिथेच थांबलो. झाडात एवढं असतं हे मला माहीत होतं असं मी समजत होते. मला काहीच माहीत नव्हतं. आणि ताई, हे कळल्यावर मान खाली जायला हवी होती, ती गेलीही, पण डोळे मात्र वर, त्या पट्टीवरच खिळलेले.

निघताना विचारलं, "आणि आमची साल?"

"थोडे अभ्यास झालेत. खात्रीने सांगावं असं माझ्या हातात नाही. उपयोगी नाही असंही मी म्हणणार नाही. पण माझ्यापासून लपवून नको, आणि गोळ्यांच्या ऐवजी कधीच नको."

ज्येष्ठमधाची बरणी त्यांनी परत दिली नाही.

धाकटी


२१ एप्रिल

ताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, हा घाम बरा नाही, हा दम बरा नाही, साखरेच्या माणसाला दुखत नाही तरी हृदयाचं असू शकतं, आत्ता चला. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांची हृदयं सांभाळली, तू मला शिकवतेस?" मी हसले. तू पिशवी उचलून ड्युटीवर निघून गेलीस. दुपारी बाबा खुर्चीत गेले. तू परत आलीस तेव्हा मला एवढंच म्हणालीस, "हट्टीपणाने गेले, आणि तू त्यांच्या हट्टाला टाळ्या वाजवल्यास." मग तू दूरची नोकरी धरलीस.

ते हट्टीपणाने गेले नाहीत, ताई.

तू गेल्यावर तासाभराने बाबांनी मला हाक मारली. पायात चपला घातलेल्या होत्या. म्हणाले, "मोठी म्हणते तर एकदा दाखवून येऊ या का?"

मी म्हटलं, "आधी काढा घ्या, बाबा. बरं वाटेल. मग बघू."

त्यांनी माझं ऐकलं. पेला दोन्ही हातांनी धरून सगळा प्यायले. पेला परत दिला, "छान झालाय" म्हणाले. अर्ध्या तासाने मी बघायला गेले.

त्यांनी तुझं ऐकलं होतं. हे मी तुला अकरा वर्षं सांगितलं नाही. बाबांनी शेवटी माझी बाजू घेतली असं तुला वाटतं, आणि मी ते वाटू दिलं. चपला पायात होत्या हे तू आलीस तेव्हा तुला दिसू नये म्हणून मी त्या काढून ठेवल्या होत्या.

त्या यंत्राच्या खोलीत ती न हलणारी भिंत बघितली तेव्हा मला काकांची नाही, बाबांची दिसली.

क्षमा कर असं लिहीत नाही. तुला खरं माहीत असायला हवं म्हणून लिहिलं.

धाकटी


१४ ऑगस्ट

ताई,

चार महिने झाले. तू उत्तर दिलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं. तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण जे बघितलं ते कळेल असं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही.

काल काकांचं हृदय पुन्हा बघितलं.

ह्या महिन्यांत त्यांनी सगळं केलं. गोळ्या सुनेच्या समोर गिळतात आणि जीभ बाहेर काढून दाखवतात. मीठ कमी केलं. रोज सकाळी नाक्यापर्यंत चालतात. पाटी वाचायला थांबत नाहीत. सालीचा काढा डॉक्टरीणबाईंना विचारून, सांगून, थोडा देते, ज्येष्ठमधाशिवाय. काका म्हणतात, "आता औषधासारखं लागतं."

तीच खोली, तीच चष्म्याची बाई. ह्या वेळी मी तयार होते असं मला वाटत होतं. धुकं आलं, दांडी कलली, घर उघडलं. मी आधी ती मख्ख भिंत शोधली. सापडेना. वाटलं, बाजू चुकले.

बाईने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "इकडे या. ही कडा बघा."

भिंतीचा मधला भाग अजून थंड होता. पण दोन्ही कडा हलत होत्या. बाकीच्यांइतक्या नाही, चाचपडत, थोडं मागून. पण आत येत होत्या.

"मेली होती ना?" मी विचारलं.

"आम्हालाही तसं वाटलं होतं. कधी कधी हृदयाचा स्नायू उपाशी पडला की मरत नाही. काम थांबवतो आणि जगण्यापुरता धुगधुगत राहतो. रक्त पुन्हा मिळालं की उठतो. कुणाचा उठतो, कुणाचा नाही." त्यांनी आकडा काढला. तीसवरून त्रेचाळीस.

सहा महिने, ताई! नळी बंद, अन्न नाही, आणि तो तिथे नुसता थांबला होता. कुणी येईल ह्याची त्याला काय खात्री होती?

काका पलंगावर रडत होते आणि सुनेला सांगत होते की हे गार औषध डोळ्यांत गेलं. सून म्हणाली, "हो ना, छातीवरून उडालं असेल."

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कशाने झालं? त्या म्हणाल्या, "नळी उघडली. गोळ्या. चालणं. मीठ."

"आणि साल?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचं ते 'माहीत नाही' फार आवडलं. बाबांच्या आणि माझ्या तोंडून तीस वर्षांत हा शब्द कधी बाहेर पडला नव्हता. आता मी दुकानात रोज वापरते. गिऱ्हाइकाला आधी विचारते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पट्टी दाखवा. गोळी सोडून आला असेल तर पुडी बांधत नाही. काही जण तोंड वाकडं करून जातात. जाऊ देत.

आणखी एक. हे काका आणि सून बाहेर गेल्यावर झालं. पुढचा पेशंट आला नव्हता. चष्म्याची बाई म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांचंच बघत राहता. या, झोपा. दोन मिनिटं."

मला सहा वर्षांपासून साखर आहे, ताई. कुणालाच माहीत नाही. मी कडू बी चावते आणि साखर कधी मोजत नाही. औषधवालीलाच आजार म्हटलं तर दुकानाची काय शोभा राहील, म्हणून मूग गिळून बसले.

मी झोपले. गार लागलं. आणि पडद्यावर माझं आलं.

काय सांगू? ते मला ओळखत नव्हतं. मी त्याच्याशी सत्तेचाळीस वर्षं एक शब्द बोलले नाही, त्याच्यापासून साखर लपवली, त्याला काय देते हे विचारलं नाही, आणि ते दोन पापुद्रे तसेच, न चुकता, माझ्यासाठी उघडत होते. माझ्यासारखीसाठी.

बाई म्हणाली, "आकुंचन पावतं छान. पण सैल व्हायला वेळ घेतंय. साखरेवाल्यांत ही सुरुवातीची खूण. डॉक्टरीणबाईंना दाखवा. उद्या नाही."

ती 'उद्या नाही' म्हणाली आणि मी त्या पलंगावर लहान मुलासारखी रडले. मी तिथून उठून तशीच डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. कालपासून गोळ्या सुरू केल्या आहेत. दोन.

धाकटी


३० ऑगस्ट

धाकटे,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. मी रिपोर्ट लिहिते. तसंच लिहीन.

तुझं एप्रिलचं दुसरं पत्र मी ड्युटीच्या कपाटात ठेवलं होतं. रोज कपाट उघडत होते, रोज दिसत होतं.

त्या दिवशी मी वॉर्डात पोचले तेव्हा मोठ्या सिस्टरने माझं तोंड बघून विचारलं, काय झालं? मी बाबांचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग गाडी पाठवू का? दहा मिनिटांत आणतील." मी म्हणाले, "नको. येऊ देत आपल्या पायांनी. तेव्हा कळेल त्यांना."

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी गाडीला हो म्हटलं असतं तर तुझा काढा उकळायच्या आत बाबा वॉर्डात असते. ते येण्यापेक्षा मला मी बरोबर ठरणं हवं होतं. तुला दूषण देऊन मी निघून आले, कारण तिथे राहिले असते तर माझ्या तोंडून हे कधीतरी निघालं असतं.

बाबा चपला घालून बसले होते हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. अकरा वर्षं मला वाटत होतं की त्यांनी माझं ऐकलंच नाही.

मी रोज वीस-वीस हृदयं बघते. बघायची सोडून आकडे बघायला लागले होते. तुझं मार्चचं दुसरं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईची तपासणी चालू होती. मी आकडा लिहून घ्यायच्या ऐवजी बघत उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, चालतंय.

बेकरीवाल्या काकांच्या रिपोर्टची प्रत काढून ठेव. तुझ्या रिपोर्टचीही. दोन गोळ्या कोणत्या, किती मिलिग्रॅम, ते नीट लिहून ठेव. "पिवळसर" असं लिहू नकोस.

मी अकरा तारखेला संध्याकाळी पोचते. पंधरा दिवस आहे. बारा तारखेला सकाळी उठल्यावर काही खाऊ-पिऊ नकोस, चहासुद्धा नाही. तुझं रक्त मी काढणार आहे.

ताई